अंबाड्याच्या उंचीची काठी

श्रीशैलची डावीकडची दाढ.

○

पूर्ण वाढलेल्या गव्याचं वजन आमच्या दुकानातल्या साखरेच्या दहा पोत्यांइतकं भरतं.

○

निपाणीची तंबाखू रात्रभर पाण्यात भिजवली की पाण्याला चहाचा रंग येतो. वास चहाचा येत नाही.

○

डोकं हे अंगात धरायचं की नाही?

○

"पावणं, शिट्टी एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की चालायचं. तीनदा वाजली की समजायचं, बाळासो हरवलाय."

○

बांबूच्या सगळ्या जातींना काटे नसतात. कळकाला असतात, आणि ते वाकडे असतात.

○

ओळीने सांगायचं तर दाढेपासून.

१९९८ सालचा दसरा गुरुवारी होता आणि शुक्रवारी गांधी जयंती. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या बाळासोंनी दाजीपूरच्या जंगलातून तीन दिवसांची पदभ्रमंती काढली होती. बाळासोंचं सायकलचं दुकान. जंगल हे त्यांचं दुसरं दुकान, त्यात गिऱ्हाईक कमी आणि आनंद जास्त. माझ्या नवऱ्याने, श्रीशैलने, आम्हा दोघांची नावं दिली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघांनी मिळून जयसिंगपुराबाहेर केलेली सर्वांत लांबची सहल म्हणजे सांगलीला सिनेमा. खंडेनवमीच्या दुपारी त्याची दाढ ठणकायला लागली. दसऱ्याच्या सकाळी गाल असा सुजला की आरशात बघून तो स्वतःच हसला, आणि हसल्यावर ओरडला.

"मी एकटी जाते," मी म्हणाले.

"एकटी कशाला?" सासूबाई आतून म्हणाल्या. "मी येते की."

माझ्या सासूबाई दानम्मा. वय अठ्ठावन्न. मी त्यांना अत्ती म्हणते. आमच्याकडे निम्मी घरं मराठीत कानडी मिसळून बोलतात, आमचंही. अत्तींचा जंगलाचा अनुभव म्हणजे शिरोळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा ऊस.

"अत्ती, तिथे चढ आहे. जळवा आहेत. गवे आहेत."

"गवा म्हणजे कसला?"

"रानातला रेडाच समजा."

"मग झालं तर. म्हशीखाली बसून मोठी झालेय मी."

श्रीशैलचे कॅनव्हासचे बूट त्यांनी पुढे कापूस कोंबून घालून बघितले. इरकली साडी घोट्याच्या वर खोचली. अंगणात चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला शेजारच्या चिमणाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय वो दानम्मा, पोलिसात भरती हाय काय?"

"नाही," अत्ती म्हणाल्या. "जंगलात."

मला लाज वाटत होती. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती कुठे गेली ते मला नीट सांगता येणार नाही.

○

अत्तींच्या गळ्यात लिंग असतं. चांदीची छोटी डबी, आत लिंग, डबीला पांढरा दोरा. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून. रोज सकाळी आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन त्या पूजा करतात आणि मगच तोंडात पाण्याचा घोट घेतात. लग्नात मलाही दिलं होतं. माझं देवघराच्या फळीवर असतं.

ते अंगावेगळं होऊ द्यायचं नाही. झालंच, तर परत मिळेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. हा अत्तींच्या माहेरचा नेम. पन्नास वर्षांत तो मोडायची वेळ आली नव्हती, आणि पाळायचीसुद्धा नव्हती.

○

शुक्रवारी सकाळी साडेनऊ. एसटीतून चौदा जण उतरलो. कोडोलीचे हंबीरराव सर्वांत शेवटी उतरले. ते एके काळी कुस्ती करायचे आणि आता डेअरीला दूध घालायचे, पण वजन अजून आखाड्यातलं होतं. त्यांच्या खांद्यावर भाकऱ्यांची एक वेगळीच पिशवी.

बाळासो दगडावर चढले. शिट्टीचे नियम सांगितले. मग खाली उभ्या असलेल्या माणसाकडे हात केला.

"ह्यो आकाराम. हितनं पुढं ह्योच आपली आई आणि ह्योच बाप. मी नुसता शिट्टी."

आकाराम बुटका होता. खाकी अर्धी चड्डी, टायरच्या चपला, कमरेला लाकडी आकडीत कोयता. कोयत्याच्या मुठीला खंडेनवमीचं झेंडूचं फूल अजून अडकलेलं. त्याने आम्हा चौदा जणांकडे एकदाच बघितलं, डावीकडून उजवीकडे, आणि चालायला लागला. नंतर कळलं, तेवढ्यात त्याने कोण लंगडतंय, कुणाचे बूट नवे आहेत आणि कोण दमल्यावर दमलो म्हणणार नाही, हे सगळं बघून घेतलं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात त्याने तीनदा हात वर केला.

एकदा चिखलातल्या खुराच्या ठशाशी. "ठशात पाणी हाय बघा. गढूळ हाय अजून. आत्ताच गेलाय."

एकदा नुसत्याच झाडीशी. आम्हाला काही दिसेना. "वास घ्या," तो म्हणाला. आम्ही नाकं वर केली. पावसात भिजलेल्या गोठ्याचा वास होता, आणि मैलभरात गोठा नव्हता. अत्तींनी मान हलवली. "व्हय. गुरं आहेत," त्या म्हणाल्या. आकारामने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

तिसऱ्यांदा त्याने बोट आभाळाकडे केलं. कुणीतरी मोठं लुगडं झटकावं तसा आवाज झाडांवरून गेला, थांबला, परत गेला. धनेश पक्षी. दिसला नाही. पंखांचा आवाज मात्र मला आजही हवा तेव्हा ऐकू येतो.

"आकाराम, आमाला काय दिसंना लेका," हंबीरराव म्हणाले.

"बोलायचं थांबला की दिसंल, पावणं."

○

पहिला ओढा. आकारामच्या हातात बाटली.

"ह्ये लावा सगळ्यांनी. घोट्याला, पोटरीला, मानंला."

"मानेला कशाला? जळवा खाली असतात ना?"

"खालीच असत्यात की वैनी. तुमी वाकताय. वाकला की त्यास्नी शिडी लागत न्हाय."

"काय आहे रे ते?"

"तंबाखूचं पाणी, मावशी. निपाणीची तंबाखू."

"शिवशिवा! आमच्या घरात तंबाखू उंबऱ्याच्या आत येत नाही."

"काकू, उंबरा दाखवा, मी भाईर हुबा ऱ्हातो."

"बाळासो, गप बस. मावशी, हंबीररावांची मान बघा."

"माझ्या मानंला काय झालंय? अगं आई! काढ! काढ की आधी!"

"हलू नका. रगात पिऊन झालं की आपसूक सुटती."

"आपसूक? तवर मी काय करू?"

"आनंद द्या तिला," बाळासो म्हणाले.

○

अत्तींनी हंबीररावांच्या मानेवरचा रक्ताचा ओघळ बघितला. मग स्वतःच्या गळ्यातला दोरा चाचपला. तंबाखूचं पाणी मानेला लावायचं तर ते दोऱ्याला लागणार, दोऱ्यावरून डबीला. लावायचं नाही तर जळू.

त्या झाडाआड गेल्या. मीही गेले. त्यांनी दोरा गळ्यातून काढला, डबी पांढऱ्या रुमालात गुंडाळली आणि तो रुमाल दोऱ्याने अंबाड्याला बांधला. तीन वेढे, दोन गाठी.

"अत्ती, चालतं का असं?"

"अंगावर पाहिजे असं आहे. गळ्यात, छातीवर, दंडाला, डोक्यावर, कुठेही. आमच्या आजोबांचं फेट्यात असायचं," त्या म्हणाल्या. "डोकं काय अंग नव्हे?"

शास्त्र बरोबर होतं. आजोबा मात्र पेठेतल्या गादीवर बसून फेटा बांधायचे, त्यांच्या वाटेत कधी झाडी आली नव्हती.

मग अत्तींनी डोळे मिटले, मान पुढे केली आणि मी त्यांच्या मानेला तंबाखूचं पाणी लावलं. त्यांनी श्वास रोखून धरला होता.

○

बारा पस्तीस. झाडी संपली आणि उघडा सडा आला. काळा खडक, त्यावर वीतभर गवत, गवतात जांभळी-पिवळी फुलं. बाळासोंनी एक शिट्टी मारली. डबे निघाले. हंबीररावांनी पिशवीची गाठ सोडली.

अत्ती खाली बसल्या, घाम पुसायला त्यांनी हात डोक्याकडे नेला, आणि हात तिथेच राहिला.

○

अंबाडा होता. रुमाल नव्हता.

○

"थांबा, थांबा. घाबरायचं न्हाय. आधी पाणी प्या, काकू."

"नको."

"अवो, दोन घोट."

"बेडा म्हटलं ना. नको."

मी सगळ्यांना नेम सांगितला. सांगताना मला तो पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आला. अन्न नाही, पाणी नाही. ऊन माथ्यावर, पुढे मुक्काम सात किलोमीटरवर, मागे रस्ता पाच किलोमीटरवर.

बाळासो उपाय सुचवत गेले आणि अत्ती बसल्या जागी ते मोडत गेल्या. घरी गेल्यावर स्वामींकडून दुसरं घेता येईल. घरी जाईपर्यंत? आता परत फिरून साडेचारची एसटी धरू. पाच किलोमीटर कोरड्या घशाने? मग उचलून नेऊ, हंबीरराव आहेतच. हंबीररावांनी मान डोलावली. अत्तींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते भाकरीच्या पिशवीमागे सरकले.

"आवं, देव समजून घेतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

"देव घेईल," अत्ती म्हणाल्या. "त्याचा प्रश्न नाही. शब्द मी दिलाय."

चिडून बोलल्या नाहीत. आमच्या दुकानात गिऱ्हाईकाला 'गूळ संपला' म्हणतात त्याच आवाजात. ओठ मात्र पांढरे पडत चालले होते, आणि मला एकदम कळलं की ही बाई खरोखरच पाणी पिणार नाही. संध्याकाळी नाही. उद्याही नाही. मी त्यांना आणलं होतं. म्हणजे त्याच आल्या होत्या, पण घरी गेल्यावर ते कुणाला सांगणार?

○

एवढा वेळ आकाराम बोलला नव्हता. "कुठं पडलं?" असंही त्याने विचारलं नव्हतं, बाकी तेरा जणांनी ते प्रत्येकी दोनदा विचारलं होतं. तो झाडीच्या कडेला गेला, एक वाळकी सरळ काठी घेऊन आला आणि अत्तींसमोर उभा राहिला.

"मावशी, जरा हुबं ऱ्हावा."

अत्ती उभ्या राहिल्या.

"अशा ताठ नगं. चालताना ऱ्हाता तशा."

अत्ती किंचित पुढे झुकल्या. आकारामने काठी त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकवली, अंबाड्याच्या माथ्याशी नखाने खूण केली आणि कोयत्याच्या एका घावात काठी तिथे तोडली.

"ओढ्यापाशी बांधलेलं मी बघिटलंतं. अंजनीच्या झाडाखालनं आलो तवा बी पांढरं दिसत हुतं. त्येच्या म्होरं मी मागं बघिटलं न्हाय. चूक माझी," तो म्हणाला. "मंजे दोन किलोमीटर. लई न्हाय. वैनी, तुमी चला संगं. तुमी त्येंच्या म्होरं चालत हुता."

"मीही येते," अत्ती म्हणाल्या.

"तुमी सावलीत बसा. घाम वाचवा."

अत्तींनी जरा विचार केला. "बरं. पण सापडलं तर कुणी हात लावू नका. हात मी लावणार."

"व्हय," आकाराम म्हणाला.

○

जंगलात वस्तू कशी शोधायची, याची माझी कल्पना: खाली बघत चालायचं.

आकारामची पद्धत वेगळी होती. त्याने खाली बघितलंच नाही. काठी हातभर पुढे उभी धरली, तिचं टोक जमिनीपासून दोन बोटं वर, आणि तो तसाच चालत राहिला. काठी म्हणजे अत्ती. जिथे काठीचं डोकं मोकळं जाईल, तिथे अत्तींचं डोकंही मोकळं गेलं असणार. तिथे तो थांबायचाही नाही. जिथे काठी वर अडकेल, तिथे तो थांबायचा, चार पावलं पुढे जायचा आणि वळून उलट्या बाजूने बघायचा.

"उलटं का?"

"आपुन आता माघारी निघालोय. मावशी तिकडनं हिकडं आल्या. काटा त्येंच्याकडनं कसा दिसतोय ते बघाय पायजे."

पहिली अडकण करवंदीच्या जाळीत. काही नाही.

दुसरी एका वेलीशी, मनगटाएवढी जाड, वाटेवर आडवी लोंबणारी. आकाराम वळला, डोळा वेलीजवळ नेला आणि दोन बोटांनी काहीतरी हवेत उचलून मला दाखवलं. एक लांब केस. अर्धा पांढरा, अर्धा मेंदीचा लाल.

ह्या रानात हजारो झाडं, लाखो फांद्या, आणि ह्या माणसाने एका वाळक्या काठीने माझ्या सासूचा केस शोधून काढला होता.

"काठी बराबर हाय," तो एवढंच म्हणाला.

तिसरी अडकण आडव्या पडलेल्या खोडाशी. "हितनं त्या गेल्या न्हाईत. वळसा घातलाय," त्याने चिखलाकडे बोट दाखवलं. श्रीशैलच्या बुटाची नक्षी त्यात उमटली होती. पाच फूट बारीक बाई, दहा नंबरचा बूट.

चौथी अडकण आली नाही. पाचवी नाही. अंजनीचं झाड समोर दिसायला लागलं. दोन किलोमीटर संपत आले होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती. पाणी माझ्या पाठीवर होतं आणि मला ते काढावंसं वाटत नव्हतं.

○

आकाराम थांबला. परत फिरला. तीसेक पावलं मागे गेला. तिथे कळकाचं बेट होतं, वाट त्याला घासून जात होती. तो वाटेच्या मधोमध उभा राहिला. काठी उभी धरली. काठी मोकळी.

"वैनी, येताना हितं तुमी वाकलासा?"

मी आठवलं. "हो. माझी वेणी अडकली होती. हंबीरराव तर जवळजवळ रांगत गेले."

"मग आता का वाकाय लागंना?"

मी तिथे सरळ उभी होते. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. ज्या फांदीखालून आम्ही वाकून गेलो होतो, ती फांदी तिथे नव्हती.

आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं.

○

गव्याने कधीतरी कळकाची एक फांदी वाकवली होती आणि ती मोडक्या बांबूखाली अडकून वाटेवर आडवी राहिली होती. अत्ती तिच्याखालून वाकून गेल्या. काट्याने रुमाल पकडला, अत्ती पुढे गेल्या, आणि त्या ओढीने फांदी मोडक्या बांबूखालून सुटून वर गेली. त्यांच्या मागे शेवटचे बाळासो होते. त्यांना वाकावंच लागलं नाही, आणि वाकावं लागलं नाही ह्याचं नवल कुणाला वाटतं?

आकारामला वाटलं.

दोन पुरुष उंचीवर, हिरव्यागार पात्यांत, पांढरा रुमाल. दोरा खाली लोंबत होता.

○

आकडीसारख्या फांदीने त्याने कळकाची ती फांदी हळूहळू खाली ओढली. रुमाल माझ्या छातीसमोर आला. आत डबीचा गोल आकार दिसत होता. गाठी दोन्ही शाबूत.

मी हात पुढे केला.

"वैनी."

मी हात मागे घेतला. 'हात मी लावणार,' अत्तींचा आवाज आम्हा दोघांनाही आठवत होता. मी त्यांची सून होते, मलाही दीक्षा होती, माझा हात चालला असता असं म्हणायला जागा होती. पण माझं स्वतःचं फळीवर ठेवून आलेली मी. माझ्या तोंडून ते निघेना.

"मग? त्यांना इथे आणायचं?"

"दोन किलोमीटर? बिनपाण्याच्या?" त्याने फांदीच्या बुडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्या रानात मी हिरवं कापत न्हाय," तो म्हणाला. मग फांदीला तळहात लावला, जनावराच्या पाठीला लावतात तसा, आणि कोयता काढला. दोन घाव. फांदी रुमालासकट त्याच्या हातात आली, आठ-नऊ फूट लांब.

○

परतीचे दोन किलोमीटर.

वाट मोकळी होती तिथे तो फांदी सरळ उभी धरून चालला. जत्रेत देवाची सासनकाठी नाचवत नेतात, ही न नाचवता न्यायची होती. काट्याने पकडलेला रुमाल काट्यानेच सोडला तर खाली चिखल. वेलीशी आला की तो गुडघ्यावर बसायचा, फांदी आडवी करायचा, पुढे सरकवायचा, मग स्वतः सरकायचा. रुमाल एकदाही जमिनीला टेकला नाही. झऱ्याच्या निसरड्या दगडावर त्याने फांदी माझ्याकडे दिली.

"धरा. रुमालाकडं बघू नगा. शेंड्याकडं बघा, मंजे हात थरथरत न्हाय."

मी शेंड्याकडे बघितलं. हात थरथरला नाही. त्याच्या कपाळावर काटा ओरबाडून रक्त आलं होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. पोटरीवर दोन जळवा फुगल्या होत्या. त्याला मी सांगितलं.

"पिऊ द्यात," तो म्हणाला. "त्यास्नी काय नेम हाय?"

○

तीन वीस. सड्यावर आम्ही झाडीतून बाहेर आलो, आधी फांदी, मग आकाराम, मग मी.

हंबीररावांना पहिल्यांदा दिसलं. ते उठून उभे राहिले आणि तालमीतल्या आवाजात ओरडले, "चांगभलं!"

बाराच्या बारा उभे. खडकावर डबे होते तसेच होते. एकानेही झाकण उघडलं नव्हतं. हंबीररावांच्या पिशवीची सोडलेली गाठ त्यांनी परत बांधली होती.

अत्ती सावलीतून उठल्या. चालताना एकदा डगमगल्या. बाळासोंनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. आकारामने गुडघा टेकून फांदी त्यांच्या हाताच्या उंचीला आणली. अत्तींनी काट्यातून रुमाल सोडवला. एक-एक काटा. घाई केली नाही. डबी उघडली. बघितलं. मिटली.

मग कपाळाला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. चार वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

○

पूजेला पाव तास लागला. मान आधी साबणाने तीनदा धुतली. मग खडकावर बसून, डावा तळहात पुढे, डोळे त्यावर. बाळासोंनी शिट्टी खिशात घातली होती.

मग त्या पाणी प्यायल्या. मी मोजले, एकोणीस घोट.

"आता जेवा रे बाबांनो," त्या म्हणाल्या. "मला काय पाप लावताय?"

हंबीररावांची गाठ सुटली ती आवाज करतच सुटली.

अत्तींनी आकारामला आपल्या शेजारी बसवलं. आमचा डबा उघडला: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दसऱ्याच्या कडकण्या. त्याच्या हातात पहिली भाकरी त्यांनी दिली.

"फांदी कशाला तोडलीस रे?"

"तुमीच म्हणलासा की. हात लावू नका."

"तू लावला असतास तर चाललं असतं. आमच्यात शिवाशिव नसते."

आकारामचा घास हातात राहिला. "मग तवाच का म्हणला न्हाईसा?"

"तहानेने डोकं चालत नव्हतं."

हंबीरराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बाळासोंनी त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. आकारामही हसला, पहिल्यांदाच, आणि त्याचा वरचा एक दात नाही हे दिसलं.

"पण बरं केलंस," अत्ती जरा वेळाने म्हणाल्या. आता त्या भाकरीकडे बघत बोलत होत्या. "मी म्हटलं ते तू तसंच धरलंस. माझ्या घरातसुद्धा कुणी एवढं धरत नाही."

हे मला होतं. मी चटणी पुढे सरकवली.

"शब्द दिलता की," आकाराम म्हणाला. "व्हय म्हणलं हुतं."

○

उरलेले सात किलोमीटर अत्ती त्याच्या पाठोपाठ चालल्या, ओळीत दुसऱ्या. लिंग गळ्यात. मानेला ह्या वेळी तंबाखूऐवजी मीठ-हळद, हा आकारामचाच तोडगा. तो वीस पावलांनी एकदा मागे बघायचा. बाकी कुणाकडे नाही, त्यांच्या गळ्याकडे. फांदी असेल तिथे तो "मावशी" म्हणायचा आणि अत्ती वाकायच्या. गवे दिसले तेव्हाही त्याने आधी "मावशी" म्हटलं, मग हात वर केला. उतारावर सात, काळे, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. अत्तींनी बराच वेळ बघितलं.

"म्हशीपेक्षा देखणा आहे," त्या कुजबुजल्या. "पण धार काढायला बसणार नाही मी."

मी त्यांच्या मागे चालत होते, तिसरी. कधी गवे बघत होते, कधी त्या दोघांच्या पाठी.

○

त्या दिवशी पहाटे, आमची एसटी कोल्हापुरातून सुटायच्या आधीच, आकाराम गव्यांचा कळप कुठे आहे ते बघायला ही सगळी वाट सड्यापर्यंत एकदा चालून गेला होता, आणि दिवसभरात तो एकदाही दमलो म्हणाला नव्हता.